मधलं नाव

शनिवारी न्हायचं नाही हा रेणूचा सव्वीस वर्षांचा नेम. म्हणून अमेरिकेतल्या मॉरिसव्हिल गावच्या पार्कात ती ओल्या केसांनी गाडीतून उतरली, तेव्हा सुलभाच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"अगं, आज शनिवार ना?"

"हो. न्हावं लागलं," रेणू म्हणाली.

समोर हिरवळीवर भिंत उभी होती. लांबच्या एका दगडी स्मारकाची ही हलकी नक्कल, ट्रकमधून गावोगाव फिरणारी. काळ्या पत्र्यांवर पांढऱ्या अक्षरांत अलीकडच्या लढायांत गेलेल्या सैनिकांची नावं. इथला मुक्काम चार दिवसांचा.

रेणूचा नवरा मराठी मंडळाची तीस माणसं घेऊन आला होता. ब्लेझर घालून तो एका ओळीवर बोट ठेवून सगळ्यांना दाखवत होता.

"संग्राम एम. निमकर. हा एम म्हणजे मी. फोटो काढताना एम येऊ दे हं, प्रसन्न."

रेणू बघत होती. चार वर्षांपूर्वी पोरगा युनिव्हर्सिटी सोडून आर्मीत गेला. संग्राम हे नाव हौसेने ठेवणारा बापच तेव्हा गणपतीच्या आरतीला जमलेल्या लोकांसमोर म्हणाला होता, "त्याच्या नावाने मी आंघोळ केली." नुसतं म्हणाला नाही. भर दुपारी वर जाऊन खरोखर डोक्यावरून पाणी घेतलं, आणि ओल्या केसांनी खाली येऊन चार मोदक खाल्ले.

पोराची पत्रं येईनात. रेणू रोज तुळशीपाशी दिवा लावायची आणि मेलबॉक्स उघडून बघायची. विसरला आईला, असं धरून चालली. मग एके दिवशी गणवेशातले दोघे दारात उभे राहिले. तेव्हापासून हॉलमध्ये संग्रामचा मोठा फोटो लागला, आणि बाप वीरपिता झाला.

आर्मीने पाठवलेला संग्रामच्या सामानाचा खोका गॅरेजमध्ये तसाच पडून होता. "उगाच उकरू नकोस, त्रास होईल," असं नवऱ्याने बजावलेलं. भिंतीपाशी ठेवायला एखादी वस्तू हवी, म्हणून गेल्या आठवड्यात रेणूने तो उघडला. आत अकरा पाकिटं निघाली. पत्ता घरचाच. प्रत्येकावर नवऱ्याच्या ठसठशीत अक्षरात 'रिटर्न टू सेंडर'. शेवटच्या पत्रात रविवारच्या शाळेतलं वेडंवाकडं मराठी होतं: आई, तू पण रागवलीस का?

रागवलीच आहे, असं समजून पोरगं गेलं होतं.

रेणूने पाकिटं पुन्हा खोक्यात ठेवली. जपाची माळ पुरी केली. आणि शनिवारची वाट बघत बसली.

"फॅमिली प्लीज," टोपी घातलेला म्हातारा सैनिक माइकपाशी म्हणाला. घरच्यांनी आपल्या माणसाचं पूर्ण नाव वाचायचं, अशी इथली रीत.

"तू वाच," नवरा कुजबुजला. "आईने वाचलं की लोकांना भिडतं. मग माझं भाषण."

रेणू माइकपाशी गेली. "संग्राम निमकर."

"मधलं नाव राहिलं," नवरा मागून म्हणाला.

मंडळातल्या बायकांत खसखस पिकली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हाही रेणूचा नेम सगळ्यांना ठाऊक. "आज तरी घे गं," सुलभा म्हणाली. "उखाण्यात घे हवं तर."

"घेते," रेणू म्हणाली. देवापुढे म्हणावं तशा हळू आवाजात, पण माइकवरून ते पार पार्किंगपर्यंत गेलं:

"अकरा पत्रं लेकराची, बापाने दाखवली वेस;
मनोहररावांच्या नावाने मी आज धुतले केस."

कोणी हसलं नाही. बायकांनी तिच्या ओल्या केसांकडे पाहिलं. आरतीच्या दिवशीचं मनोहरचं ओलं डोकं त्यातल्या बहुतेकींनी पाहिलेलं होतं. प्रसन्नने कॅमेरा खाली घेतला. मनोहर खिशातला भाषणाचा कागद चाचपत राहिला. त्याच्या शेजारची माणसं एकेक करून दोन पावलं सरकली.

रेणूने पिशवीतून अकरा पाकिटं काढली आणि नवऱ्याची अक्षरं लोकांना दिसतील अशी भिंतीच्या पायाशी ओळीने मांडली.

म्हाताऱ्या सैनिकाला एवढंच कळलं की आईने काहीतरी प्रार्थना म्हटली. त्याने टोपी काढून छातीशी धरली.

"मी तुझ्या गाडीतून येते, सुलभा," रेणू म्हणाली. "आणि वाटेत यांचं नाव काढायचं नाही."