पंचफुलाचा पहिला नंबर

बोरखडीचे ग्रामसेवक भगवानराव यांनी जन्मात कुणाला ‘नाही’ म्हटलं नव्हतं. गरजच पडली नाही. माणूस लटकवून ठेवायचे शब्द त्यांच्यापाशी इतके, की ‘नाही’ बिचारा कपाटाच्या तळाशी दबून मेला. नोंद घेतली, विचाराधीन आहे, प्रक्रियेत आहे, तत्त्वतः मान्य, यथावकाश कळवू. हे शब्द नुसते अंगावरून गेले तरी बाधायचे. गावातल्या उकंडाची बकरी एकदा ग्रामपंचायतीच्या खिडकीखाली चरत होती. तिच्या कानावर ‘यथावकाश’ पडलं आणि ती चौदा महिने गाभण राहिली. खोटं वाटत असेल तर बकरीला विचारा, अजून जिवंत आहे.

पंचफुलावर हे सगळे शब्द वापरून झाले होते. सहा वर्षांपूर्वी तिच्या घराची भिंत बसली, तेव्हापासून ती जावेच्या गोठ्यात राहत होती. एका अंगाला गाय, मधे गोवऱ्यांची उतरंड, दुसऱ्या अंगाला पंचफुला. जाऊ मथुराबाई रोज शेण काढताना म्हणायची, “गाय दूध तरी देते.” पंचफुला ते ऐकून गायीकडे बघायची, गाय दुसरीकडे बघायची.

घरकुलाचा अर्ज केला, आणि सरकत सरकत ती प्रतीक्षा यादीत पहिल्या नंबरावर पोचली. तिथंच रुतली. चार वर्षं. गावाला दरसाल एखादं घरकुल यायचं, पण भगवानराव कधी पुरवणी यादी काढायचे, कधी ‘खास बाब’, आणि घर तिच्या डोक्यावरून उडत भलत्याच अंगणात उतरायचं.

ही हातचलाखी चालायची ग्रामसभेत. सभेला शंभर माणसं लागतात. भगवानराव ती नेमकी निंदणाच्या हंगामात, सकाळी दहाला लावायचे. त्या वेळेला गावात उरतात कोण? लंगडे, आजारी आणि ज्यांचं शेतच नाही ते. साहेब डोकी मोजायचे, हळहळायचे, “सभा तहकूब” म्हणायचे. लोक घरी जायचे. अर्ध्या तासानं तीच सभा पुन्हा भरायची, आणि तहकूब सभेला किती माणसं आली हे कुणी मोजत नाही. चार टाळकी, चहा, ठराव.

ही मेख पंचफुलाला सांगितली प्रेरणानं. मथुराबाईची नात, यवतमाळला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायची. “मोठे आजी, या वक्ती घरी जाऊच नको,” ती म्हणाली. “दुसऱ्या सभेत डोकी मोजत नाहीत, हात मोजतात.”

यंदाही घरकुल एकच आलं होतं. आणि पंचफुलाला पक्की खबर होती, की ते इंद्रजितला जाणार. इंद्रजितचं घर दुमजली, सिमेंटचं. गच्चीवर हत्ती बांधला असता तरी खाली पंखा हलला नसता.

सभेच्या दिवशी भगवानरावांनी लिंबाखाली डोकी मोजली. “एकोणसत्तर. नाइलाज आहे. सभा तहकूब.”

लोक उठले. पंचफुला उठली नाही. तिच्यामागं यादीतली बावीस माणसंही बसून राहिली. तिनं आदल्या दिवशी दारोदार फिरून तशी तंबी दिली होती. वाट बघण्यात ती मंडळी इतकी मुरलेली, की दोघांच्या खांद्यावर साळुंक्या येऊन बसल्या.

अर्ध्या तासानं भगवानराव इंद्रजित आणि त्याचे तिघे घेऊन आले. बघतात तर काय.

“पंचफुलाबाई, सभा तहकूब झाली. घरी जा.”

“घर असतं तर गेली असती.”

“हे बेकायदेशीर आहे.”

“माणसं बसली तर बेकायदा, अन् चौघं चहा पेले तर कायदा? मांडा ना तुमचा ठराव. आमी बी पाहून राह्यलो.”

ठराव मांडला. इंद्रजितच्या बाजूनं चार हात. विरोधात तेवीस. इंद्रजितनं भगवानरावांकडे असं पाहिलं, की साहेबांच्या शाईच्या पेनला घाम फुटला.

पण भगवानराव कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते गोड हसले. “छान. घर एक, तुम्ही तेवीस. तुम्हीच ठरवा कोणाला द्यायचं.” आणि खुर्ची मागं रेलून बसले, कुत्र्यांपुढं हाडूक टाकून माणूस बसतो तसे.

झालं. लिंबावरचे कावळे उडाले. विमलताई म्हणाली, माझी पोरगी बाळंतपणाला येऊन राह्यली. बळीराम म्हणाला, माझ्या घरावर नुसती ताडपत्री हाय. कुणी कुणाची सासू काढली, कुणी कुणाचा बाप. कालपर्यंत पंचफुलाच्या शब्दावर बसलेली माणसं तिच्याकडे बोट दाखवून ओरडू लागली, “हिले कायले पाह्यजे घर? एकटा जीव! गोठ्यात काय वाईट हाय?”

परक्याचा घाव पंचफुलानं सहा वर्षं झेलला होता. हा आपल्या ओळीतून आला.

तेवढ्यात उकंडा उठला. यादीत दुसरा. पंचफुलाशी त्याचं शेताच्या धुऱ्यावरून तीस वर्षांचं वैर. दोघं एकमेकांच्या सावलीलासुद्धा लाथ घालत.

“चूप बसा बे!” तो गरजला. “ही बुढी चार वर्षं झाली माह्या डोक्यावर बसून हाय. हिले मंजूर केल्याबिगर माहा नंबर लागत नाई. तुमचा बी नाई. आज ओळ इथून तोडली, तर उद्या कोणीबी आपल्याले तोडन. मले हिचं तोंड पाह्याचं नाई, म्हणून सांगतो. द्या हिले घर अन् हटवा!”

बोटं खाली आली. हिशेब ज्याचा त्याला कळला. मग हात वर येऊ लागले. एकही हात प्रेमाचा नव्हता. विमलताईनं तर दात खात वर केला. तेवीस.

“अटींच्या अधीन राहून…” भगवानराव लिहू लागले.

“खोडा ते,” पंचफुला म्हणाली. “नाव लिहा, मंजूर लिहा, सही करा. मी इथंच उभी हाय.”

साहेबांनी सही केली. पेन इतकं दाबलं, की मागची सहा पानं फाटली.

पंचफुला उकंडाकडे वळली. उपकार मानावेत असं तिच्या ओठापर्यंत आलं होतं.

“बघून काय राह्यली?” तो खेकसला. “सरक. आता पहिला मी.”

आणि तिची जागा अजून उबदार होती तोवर तो तिथं मांडी ठोकून बसला.