डोणीत बुडालेला पाइप

मित्रांनो, पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत, कुशाबाच्या अंगणात जो काळवंडलेला पितळी नळ दिसतो, तो मी. आता चकाकी गेली. पण मी काही साधासुधा नळ नाही. महाडच्या दुकानात होतो तेव्हा सावित्री नदीला पूर आला आणि मी वाहत थेट दासगावला पोचलो. पितळ तरंगत नाही, असं तुम्ही म्हणाल. मी तरंगलो. वाटेत एका मगरीने मला गिळलं आणि चव आवडली नाही म्हणून काठावर थुंकलं. खोटं वाटत असेल तर मगरीला विचारा.

दासगावला कामाने आलेल्या कुशाबाने मला काठावरच्या चिखलातून उचललं, चिंचेने घासून लखलखीत केलं आणि अंगणात बसवलं. वाडीच्या डोक्यावर झऱ्याच्या पाण्याची टाकी आहे. तिथून एकच नळी उतरत उतरत सगळ्या घरांना जाते. आमचं घर वर, दर्शनाचं खाली. दर्शना ही कुशाबाची पुतणसून. नवरा मुंबईला, आणि ती लहानग्या ओमला घेऊन इथे.

पाणी कधी सुटेल याचा नेम नसे. म्हणून कुशाबाची बायको ठकूबाई मला बंदच करत नसे. माझ्या तोंडाला तिने रबरी पाइप लावला होता आणि त्याचं दुसरं टोक म्हशीच्या पाणी प्यायच्या दगडी डोणीत बुडवून ठेवलं होतं. पाणी आलं की डोण भरे, मग उतू जाऊन अंगणात चिखल होई. वाडीत बहुतेकांचे नळ असेच उघडे. टाकी बघता बघता रिकामी होई. मग नळीतलं उरलेलं पाणी उताराने खाली पळे आणि जाताना माझ्या तोंडातून डोणीतलं पाणीही ओढून नेई. ते जाई सरळ दर्शनाच्या घरी.

डोणीतलं पाणी कमी झालेलं पाहून ठकूबाई खूश. "माझी म्हस बघा, किती पाणी पिते," असं ती वाडीभर सांगे. म्हैस माझ्याकडे बघे, मी म्हशीकडे. दोघांनाही बोलता येत नव्हतं.

खाली ओमला जुलाब लागले. बरा झाला आणि पुन्हा पडला. डोळे खोल गेले. डॉक्टरांनी पाणी उकळून द्यायला सांगितलं. ठकूबाई पेज घेऊन गेली आणि दर्शनालाच बोलली, "उकळायचा कंटाळा करतेस काय गो? पोर बघ, काडी झालाय."

"उकळते काकी. पण खेळता खेळता नळालाच तोंड लावतो. किती पाठी पाठी फिरू?"

एके सकाळी दर्शना हंडा घेऊन वर आली. पाण्यावर भाताचा कोंडा तरंगत होता.

"काकी, हा माझ्या नळातून आला."

"नळातून कोंडा येतो? गिरणीत ठेवला होतास काय हंडा?"

"डोणीत कोंडा कोण घालतं, तुम्हीच सांगा."

ठकूबाई हसायला गेली आणि थांबली. डोणीत कोंडा घालणारी ती एकटीच. तिने वळून पाहिलं. म्हैस रानात गेलेली, तरी डोणीतलं पाणी खाली उतरत होतं. पाइपच्या टोकाशी कोंडा गोल फिरत आत जात होता.

तिने कोयता आणून पाइप माझ्या तोंडाशीच कापला आणि माझी चावी जोर लावून फिरवली. मग म्हणाली, "चल, ओमजवळ मी बसते. तू जरा पड."

कुशाबाने घरोघर जाऊन सांगितलं. टाकीत औषधाची पावडर पडली, नळ्या धुतल्या गेल्या. लोक काम झाल्यावर नळ बंद करू लागले, तशी टाकी पुरू लागली. ओम हळूहळू अंगणात धावायला लागला. ठकूबाई आता बादलीने डोण भरते. कंबर धरून कुरकुरते. शिमग्याला दर्शनाचा नवरा मुंबईहून नवा पाइप घेऊन आला, "काकी, एकदम हेवी हाय, टेन्शन नाय." तिने तो अंगणात दोरीसारखा बांधला आणि त्यावर गोधड्या वाळत घातल्या.

मित्रांनो, तुमच्या घरच्या नळालाही तोंड आहे. काम झालं की ते मिटा आणि कशात बुडवून ठेवू नका. त्यात उलटं जे शिरतं, ते खाली कुणाच्या तरी पोराच्या पेल्यात पडतं.