फौजेतली नव्हे, टपालातली

मी एक जुनी जीप आहे, मित्रांनो. मध्यंतरी माझ्या अंगावर हिरवा रंग आणि बॉनेटवर पांढरा तारा होता, पण ते सगळं सोंग होतं. लढाई मी पाहिलेलीही नाही. ओहायोतल्या खेड्यापाड्यांतून मी टपाल वाटत असे.

तिथे घरोघरच्या टपालपेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला असतात. टपालवाल्याला बसल्या जागेवरून हात घालता यावा म्हणून माझं स्टिअरिंग उजवीकडे. दारं सरकती, आणि जोर फक्त मागच्या दोन चाकांना. फौजेच्या जीपचं स्टिअरिंग डावीकडे असतं, तिची चारही चाकं जोर लावतात आणि पुढची काच आडवी पडते. माझी काच कधी पडली नाही. बर्फातही लोक माझी वाट पाहत. मग नव्या गाड्या आल्या आणि मी गवतात पडून राहिले.

एके दिवशी मर्ल नावाच्या दलालाने मला उचललं. त्याने माझी दारं काढली, मला हिरवा रंग फासला आणि बॉनेटवर फौजेचा पांढरा तारा काढला. उगाच लाड करणाऱ्याचा मला तेव्हाच संशय आला. "शनिवारी खपली तर ठीक, नाहीतर भंगारात," असं तो फोनवर कुणाला तरी सांगत होता.

शनिवारी ऑर्विल आला. व्हिएतनामहून परतलेला म्हातारा सैनिक. मे महिन्यात शहिदांच्या स्मरणाची मिरवणूक निघते, तिच्यासाठी त्याला फौजी जीप हवी होती. डोळे बारीक करून तो माझ्याभोवती फिरला.

"स्टिअरिंग उजवीकडे कसं रे?"

"इंग्रजांच्या फौजेतली आहे, काका!" मर्ल म्हणाला.

"आणि हा दाराचा रूळ?"

"त्यांच्याकडे थंडी फार!"

ऑर्विलने मला रस्त्यावर काढलं. मर्ल शेजारी बसला. माझा जीव टांगणीला लागला. खरं कळलं तर भंगार, नाही कळलं तर शहिदांच्या मिरवणुकीत चोरीचा तारा मिरवायचा.

वाटेत एका पेटीचा लाल झेंडा वर होता, म्हणजे पेटीत टपालवाल्याने न्यायचं टपाल होतं. ऑर्विलने मला तिच्या शेजारी थांबवलं आणि हात बाहेर काढला. हात बरोबर पेटीच्या तोंडाशी गेला.

"काय रे मर्ल, इंग्रजांची फौज ओहायोत टपाल वाटायला आली होती का?"

आता संपलं, असं मला वाटलं.

ऑर्विलने हात पेटीवरच ठेवला. मग म्हणाला, "मी तिकडे असताना आई रोज पेटीपाशी उभी राहायची. ती काय रणगाड्याची वाट बघायची? हीच जीप घेतो मी. पण आधी तो तारा खरवड. तो हिचा नाही."

तरी माझा संशय फिटेना. मिरवणुकीत हा माझी थट्टाच करणार, असं मी धरून चालले होते. मिरवणूक निघाली तेव्हा माझ्या अंगावर पुन्हा टपालगाडीचा पांढरा रंग होता. पुढे सैनिक पायी चालत होते आणि त्यांच्या मागे मी. त्या दिवशी सुट्टी असते, टपाल निघत नाही, हे तिथे पोरांनाही ठाऊक आहे. तरी एका पेटीचा लाल झेंडा वर दिसला. कुणीतरी मुद्दाम डिवचतंय, असं वाटलं. मग पुढच्या पेटीचाही झेंडा वर होता, आणि त्याच्या पुढच्याही; प्रत्येक पेटीपाशी घरची माणसं उभी होती. ऑर्विल प्रत्येक पेटीपाशी मला हळू करत होता आणि डोळे पुसत होता.

मित्रांनो, जुन्या गाड्या जरूर सांभाळा, पण त्यांना दुसऱ्याची पदकं लावू नका. त्या दिवशी मला कुणी सलाम ठोकला नाही. लोक फक्त माझी वाट पाहत उभे होते, पूर्वीसारखे.