काकूंची टोपली

ब्रशच्या कारखान्यात नवं मशीन आलं आणि माल तपासायचं कामच उरलं नाही. पण जन्मभर ब्रश तपासलेल्या काकूंना ‘आता घरी बसा’ म्हणायला मालक पुतण्याची जीभ रेटेना. तो रोज सकाळी जुन्या मालातले थोडे वाकडे ब्रश गुपचूप नव्या ढिगात मिसळायचा. काकू ते बरोबर पकडून टोपलीत टाकायच्या आणि दिवसभर खुशीत असायच्या.

आज एका मोठ्या दुकानाचे खरेदीदार पाहणीला आले. ही ऑर्डर मिळाली तरच कारखाना तगणार होता. काकूंनी मोठ्या तोऱ्यात टोपली त्यांच्यापुढे धरली.

“मशीनचं काय घेऊन बसलात? हे सगळं मी पकडलंय.”

“मशीन इतकं चुकतं?” खरेदीदारांच्या कपाळावर आठी उमटली.

पुतण्या पुढे झाला.

“मशीन चुकत नाही. वाकडे ब्रश मीच टाकतो, काकूंसाठी.”

खरेदीदार हसले. ऑर्डर पक्की झाली.

ते गेल्यावर काकूंनी टोपली उचलून कोपऱ्यात ठेवली.

“माझ्या हातचा चहा आवडतो म्हणतोस,” त्यांनी हळूच विचारलं, “तेही असंच का रे?”