फोटोसारखा लाल

परागच्या वेबसाइटवर कुर्त्याचा फोटो एकच होता. विटकरी लाल, काठापासून काठापर्यंत सारखा. खाली लिहिलेलं: नैसर्गिक रंग, भाईंदरच्या बायकांनी हाताने रंगवलेला, योग्य मोबदला देऊन. २००९ साली असे कपडे घरबसल्या मागवणारे थोडेच होते, पण चोखंदळ होते.

रंगवायला मी शिकवलं होतं. जेसल पार्कमागच्या एका शेडमध्ये चार बायका, त्यांची पुढारी अनसूया. कापड हिरड्यात भिजवायचं, मग तुरटीत, मग मंजिष्ठेच्या पाण्यात तापवायचं. सगळं सांगितलं, पाण्याचं सोडून. नळाच्या पाण्यात रंग नारिंगीकडे झुकायचा, टँकरच्या जड पाण्यात गडद व्हायचा. मला तो फरक आवडायचा. ‘फोटोसारखा नाही’ म्हणून कुर्ते परत येऊ लागले.

दिवाळीच्या सुमारास परत येणं थांबलं. मग पुण्याच्या एका बाईंच्या पांढऱ्या ओढणीला कुर्त्याचा रंग लागला. पराग तो कुर्ता घेऊन माझ्या प्रयोगशाळेत आला.

“संचिता, नैसर्गिकच आहे असं लिहून दे. साइटवर लावतो.”

“तपासून देते.”

आतल्या शिवणीतून तुकडा कापला, रंग उडवणाऱ्या हायड्रोसच्या द्रावणात गरम केला, धुऊन हवेत ठेवला. मंजिष्ठेचा रंग हवेत परत येतो, पुडीतला रासायनिक येत नाही. हा तुकडा दुसऱ्या दिवशीही जवळजवळ पांढराच होता.

अहवाल देण्याआधी मी शेडवर गेले.

“पुडीचा रंग टाकलास?”

“चिमूटभर. वाण्याकडचा,” अनसूया म्हणाली. “सोळा कुर्ते परत आले तेव्हा तुम्ही कुठे होतात, ताई?”

“मला विचारायचंस.”

“तुम्ही म्हणाला असतात, असाच छान दिसतोय.”

“ताईंना डागपण छान दिसतात,” मागून शालू म्हणाली. बाकीच्या हसल्या.

अनसूया हसली नाही. मला बाहेर घेऊन आली. “लिहू नका. परत नाय टाकणार. हे गेलं तर मला पुन्हा लोकांची भांडी घासायला जावं लागेल.”

मी दिसलं ते लिहिलं. पाण्याबद्दलही लिहिलं: चूक पाण्याची आहे, शिकवणारीची आहे, उपाय सोपा आहे. ते दुसऱ्या पानावर होतं. परागने पहिलं पान वाचलं. आठवड्याभरात शेड बंद झाली.

मे महिन्यात अनसूया पूनम सागरमध्ये, आमच्या इमारतीच्या जिन्यात भेटली. वरच्या मजल्यावर भांडी घासायला येत होती. बगलेत मोठं गाठोडं होतं.

“धागे कापायचं काम आणते घरी,” ती म्हणाली. “वापीच्या कारखान्याचा माल. परागसाहेब आता तिकडूनच घेतात.”

गाठोड्याच्या तोंडातून विटकरी लाल कापड दिसत होतं, अगदी सारखं. गळ्याशी लेबल: नैसर्गिक रंग.

“हे नैसर्गिक आहे?”

“त्यांच्याकडे सर्टिफिकेट आहे.”

मी नकळत बाही चिमटीत धरली. तिने ती सोडवून घेतली, आत खोचली, गाठ आवळली.

“ताई, हा तपासायला नेऊ नका.”

“नाही नेणार,” मी म्हणाले.