जावयाने आवळलेले बोल्ट

त्या घरचा जावई झाल्यापासून शिंप्याच्या हातात एकच हत्यार पडलं होतं, आणि ते म्हणजे टॉर्च. खाली गॅरेज, वर राहायच्या खोल्या. सासऱ्यांचं आयुष्य इंजिनं उघडण्यात गेलेलं, मेहुणा लेथवर वाढलेला, आणि बायको तर अशी, की रस्त्यावरून गाडी गेली की वर खिडकीत केस विंचरता विंचरता सांगायची, "तिसरा सिलिंडर रडतोय बघा." अशा घरात हा शेजारच्या गल्लीतला शिंपी. गळ्यात टेप, शर्टाला खोचलेल्या टाचण्या, आणि संध्याकाळी दुकान बंद केलं की गॅरेजात हजर. काम काय, तर उजेड दाखवायचा.

तोही धड जमायचा नाही. इंजिनात वाकलेले सासरे डोळे मिटून ओरडायचे, "टेलरसाहेब, टॉर्च कामावर धरायचा असतो, माझ्या तोंडावर नाही!" मेहुणा हसून हसून लोळायचा. "भावोजी, पिस्टनला अस्तर लावायचं का हो? की नुसतं इस्त्री करून देता?" बायकोही कमी नव्हती. ती म्हणायची, "बाबा, त्यांना बोलू नका, ते रागावले तर ब्लाऊज घट्ट शिवतात."

शिंपी मनातून सुखावायचा. त्या घराची रीतच ती होती. पाहुण्याला खुर्ची मिळायची आणि घरच्या माणसाला टोमणे. लग्नानंतर पहिलं वर्षभर त्याला खुर्ची मिळाली होती, आणि ज्या दिवशी पहिला टोमणा बसला त्या दिवशी तो घरी शीळ घालत गेला होता.

घरची गाडी म्हणाल, तर जुनी, चौकोनी, वरून अगदी गरीब दिसणारी. पण बॉनेटखाली चौघांनी मिळून सुपरचार्जर बसवलेला. म्हणजे पट्ट्यावर फिरणारा असा पंखा, जो इंजिनात हवा कोंबतो आणि गाडीला नको तेवढा जोर आणतो. जोर यायला लागला की तो असा किंचाळायचा, की सगळे गाडीला मावशी म्हणायचे. सासऱ्यांची मेहुणी खरंच तशी बोलायची. तिला हे नाव माहीत नव्हतं, आणि माहीत होऊ नये यावर घरात एकमत होतं.

मागच्या वेळी इंजिन जुळवताना सासऱ्यांच्या काय मनात आलं कोण जाणे. त्यांनी शिंप्याच्या हातातला टॉर्च काढून घेतला आणि टॉर्कपाना दिला. "कनेक्टिंग रॉडचे बोल्ट आज तुम्ही आवळायचे." हे रॉड म्हणजे पिस्टनला खालच्या क्रँकशी बांधणारे दांडे. इंजिनाचा जीवच त्यांच्या बोल्टांत. टॉर्कपान्याला जेवढा जोर ठरवून दिला तेवढाच तो लावतो आणि कट् करून थांबतो. सासरे त्याला 'कुरकुऱ्या' म्हणायचे आणि स्वतः कधी हातात धरायचे नाहीत. मनगट अधू झालं की घेईन म्हणायचे.

शिंप्याने एकेक बोल्ट आवळला. कट्. कट्. मग बायकोची लाल नेलपॉलिश आणून प्रत्येक बोल्टावर एक बारीक रेघ ओढली. अर्धी बोल्टाच्या डोक्यावर, अर्धी खालच्या रॉडवर. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसावी. कापडावर खुणा करणाऱ्या माणसाची सवय ती. मेहुणा म्हणाला, "वा! मावशी नटून निघाली!"

इथवर सगळं छान होतं. पण सगळे जेवायला वर गेले आणि हा हात पुसत एकटाच खाली राहिला, तेव्हा त्याच्या मनाने खोडी काढली. बटण लावून झालं तरी तो शेवटी एक टाका जास्तीचा घालायचा. त्या टाक्याशिवाय त्याला झोप लागायची नाही. भिंतीवर सासऱ्यांचा लांब दांड्याचा पाना लटकत होता. त्याने तो काढला आणि सगळ्या बोल्टांना जरासं, अगदी जरासं, पुढे ढकललं. रेघा दोऱ्याएवढ्या सरकल्या. त्याला बरं वाटलं. पाना जागेवर लावून तो जेवायला गेला आणि त्याने एक पोळी जास्त खाल्ली.

काही आठवड्यांनी पुलाच्या चढावर मावशीने दगा दिला. सासरे चालवत होते, बायको पुढे, शिंपी आणि मेहुणा मागे. मावशी जोरात किंचाळली, आणि मग खालून खाड्‌ असा आवाज आला. सगळा रस्ता तेलाने माखला. मेहुणा वाकून बघून आला, तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"बाबा, ब्लॉकला खिडकी पडलीय. रॉड बाहेर आलाय."

रॉडचा बोल्ट तुटला होता. मोकळ्या रॉडने आतून इंजिनाची भिंत फोडली होती. बोल्ट कोणी आवळले होते हे चौघांनाही ठाऊक होतं. तिघांनी रॉडकडे बघितलं, आणि मग तिघांनीही शिंप्याकडे बघायचं टाळलं.

खरा छळ त्यानंतर सुरू झाला. कोणी एक शब्द बोललं नाही! मेहुणा म्हणायला लागला, "भावोजी, तुम्ही उभे कशाला, बसा ना." आणि खुर्ची पुसून द्यायचा. बायको त्याच्या चहात न विचारता साखर घालायची. आणि सासरे, ज्यांनी त्याला कधी धड नावाने हाक मारली नव्हती, ते म्हणाले, "जावईबापू, दमला असाल. वर जाऊन पडा थोडा वेळ."

जावईबापू! टेलरसाहेब गेले आणि जावईबापू आले, म्हणजे घरातून उठवून दारातल्या खुर्चीवर बसवल्यासारखंच होतं. त्याने मुद्दाम टॉर्च सासऱ्यांच्या डोळ्यांवर मारून बघितला. सासरे डोळे बारीक करून म्हणाले, "असू द्या, असू द्या." त्या रात्री शिंप्याने एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय एकत्र शिवून टाकले.

कारण त्याला आपलं ते 'जरासं' आठवत होतं. बाकीचे समजत होते की जावयाचा बोल्ट सैल राहिला. त्याला एकट्याला माहीत होतं की सैल नव्हता. पण हे सांगायचं कोणत्या तोंडाने? न सांगता निदान खुर्ची तरी मिळत होती. सांगितलं, की गॅरेजचं दारच बंद.

इंजिन उतरलं. भंगारवाल्याकडून धड ब्लॉक आला, मेहुण्याने त्याचे सिलिंडर आतून घासून, बोअर करून आणले. बायकोने सुपरचार्जर उघडून त्यात धातूचा चुरा गेलाय का ते बोट फिरवून फिरवून पाहिलं. मावशीचा गळा शाबूत निघाला. शिंप्याला काम दिलं होतं ते जुने बोल्ट रॉकेलमध्ये धुऊन पुसायचं. म्हणजे लहान मुलाला पीठ मळायला देतात तसंच.

त्याने धुतलेले बोल्ट कापडावर ओळीने मांडले. शेजारी नवे बोल्ट मांडले. आणि त्याची नजर अडकली. दोन्ही बाह्यांची लांबी सारखी नसली की त्याला टेप लागत नसे, तसंच हे. जुने बोल्ट नव्यांहून उंच होते. ओढले जाऊन लांबले होते. त्याने धुवायचे राहिलेले, अजून रॉडमध्येच असलेले बोल्ट पुढे ओढले आणि त्यांच्यावरची नेलपॉलिश पाहिली. रेघा तुटल्या होत्या. दोऱ्याएवढ्या नाही. चांगल्या नाडीएवढ्या!

मी एवढं फिरवलं? तो स्वतःच्या मनगटाकडे बघत बसला. सुई धरायचं मनगट ते.

तेवढ्यात सासरे हात चोळत आले. नवा क्रँक बसला होता, नवे रॉड जागेवर होते. त्यांनी भिंतीवरचा लांब पाना काढला आणि गोड आवाजात म्हणाले, "या वेळी बोल्ट मीच घेतो. चांगले दाबून आवळतो, म्हणजे कटकट नको. जावईबापू, तुम्ही बसा हं."

दाबून! पुन्हा तोच पाना, पुन्हा तेच बोल्ट, आणि पुन्हा तोच पुलाचा चढ. त्यात पुढच्या सीटवर त्याची बायको बसणार.

"मामा, थांबा," तो म्हणाला. "बोल्ट सैल नव्हते. जास्त आवळले गेले होते. मी आवळले. तुम्ही सगळे जेवायला गेलात, आणि मी तुमचा तो पाना घेऊन परत जरासं... माझ्यामुळे फुटलं इंजिन. आता मला काय म्हणायचं ते म्हणा, पण त्या पान्याने आवळू नका."

बायको पुढे आली, तिने रॉड हातात घेतला आणि रेघेवर नख ठेवलं.

"किती फिरवलंत तुम्ही?"

"दोऱ्याएवढं."

"मग ही रेघ एवढी कशी सरकली?"

शिंप्याला काय ठाऊक! पण मेहुणा एकदम कान खाजवायला लागला.

"ते काय झालं ना ताई," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "दुसऱ्या दिवशी भावोजी दुकानात गेल्यावर मी पण एकदा हात फिरवला होता. म्हटलं, पहिल्यांदाच आवळलेत, एखादा राहिला असेल तर तू त्यांना आयुष्यभर ऐकवशील. गुपचूप जरासं आवळून ठेवलं. त्यांची लाज राखायला!"

"मूर्खा!" बायको कडाडली. "आवळलेल्या बोल्टाला परत पाना लावतात का? एवढी वर्षं गॅरेजात काय माश्या मारल्यास?" आणि बोलता बोलता तिचा आवाज मध्येच बसला. तिने रॉड खाली ठेवला.

"तू गं?" सासऱ्यांनी विचारलं.

"मी फक्त तपासायला गेले होते." तिचे गाल लाल झाले. "सगळे घट्टच होते हो. पण पाना हातात होताच, तर म्हटलं... माझाच नवरा ना. बोल्ट निघाला असता तर तुम्हीच त्यांना परत टॉर्च दिला असता."

सासरे तापले. पाना हवेत फिरवत म्हणाले, "कमाल झाली! एका छताखाली तीन शहाणे! मी जन्मभर शिकवलं, एकाने आवळलेल्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही. विश्वास म्हणून काही असतो की नाही? अरे, जावई झाला म्हणून काय झालं, माणूस आहे तो!"

मेहुण्याने त्यांना पूर्ण बोलू दिलं. मग हळूच विचारलं, "बाबा, खालचं तेलाचं चेंबर कोणी लावलं होतं शेवटी?"

"मी."

"लावायच्या आधी आत पाना घातलाच नव्हता म्हणता?"

सासऱ्यांनी वर पत्र्याकडे बघितलं. मग पान्याकडे बघितलं. मग तो पाना त्यांनी पाठीमागे लपवला.

"जरासं," ते म्हणाले.

बायकोला पहिल्यांदा हसू फुटलं, मग मेहुणा टायरवर कोसळला, आणि सासरे रागावायचं ठरवून होते ते मध्येच खोकत खोकत हसायला लागले. शिंपी मात्र हसला नाही. त्याला रडूच आलं. चार माणसांचं 'जरासं' त्या बिचाऱ्या बोल्टांवर चढत गेलं होतं. पण त्यातल्या तिघांनी ते त्याच्यासाठी केलं होतं, कोणालाही न सांगता. त्याने टेपने डोळे पुसले.

"इलॅस्टिकसारखं आहे ते," तो नाक ओढत म्हणाला. "थोडं ताणलं की धरून ठेवतं. जास्त ताणलं की त्यातला जीव जातो."

"ऐका," मेहुणा म्हणाला, "आता लेंग्याच्या नाडीवरून इंजिन शिका."

शिंप्याचा जीव भांड्यात पडला. टोमणा! किती दिवसांनी!

पुढे मावशी चालू झाली, किंचाळली, पुलाचा तो चढ तिने दिमाखात चढला, हे सगळं यथासांग झालं. पण शिंप्याला अजून आठवते ती त्याच संध्याकाळची गोष्ट. सासऱ्यांनी लांब पाना स्वतःच्या हाताने कपाटात टाकला, कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली मुलीला दिली. जरा वेळाने तिच्याकडून काढून घेऊन ती शेजारच्या दुकानात ठेवून आले, कारण मुलीचाही भरवसा नव्हता. मग कुरकुऱ्या टॉर्कपाना उचलून त्यांनी शिंप्यापुढे धरला.

"घ्या. एकदाच आवळायचं. परत कोणी हात लावला तर हात मोडीन. तुमचा पण."

मेहुण्याने हात मागे बांधले. बायकोने नेलपॉलिशची बाटली उघडून तयार ठेवली. शिंपी वाकला, पण आत अंधार होता. बोल्टाचं डोकं दिसेना. त्याने मागे हात केला आणि टॉर्च सासऱ्यांच्या हातात दिला.

सासऱ्यांनी जन्मात टॉर्च धरला नव्हता. पुढे वाकून बघायच्या नादात उजेड भलतीकडेच गेला. शिंप्याचे डोळे दिपले. त्याने डोळे मिटले आणि त्याच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "मामा, टॉर्च कामावर धरायचा असतो, माझ्या तोंडावर नाही!"

बायकोचा नेलपॉलिशचा ब्रश हवेतच थांबला. मेहुणाही हसला नाही.

"चुकलं, टेलरसाहेब," सासरे म्हणाले, आणि त्यांनी उजेड बोल्टावर नेऊन धरला. कट् होईपर्यंत तो जरासुद्धा हलला नाही.