टीव्ही चालू असलेलं घर

घरात तिला सगळे फौजदार म्हणत. लहानपणी डब्यातला खाऊ कमी झाला की ती एकेकाचे हात हुंगून चोर पकडायची, तेव्हा पडलेलं नाव. पुढे ती तंत्रज्ञानात पीएच.डी. करायला लागली तरी स्वभाव पालटला नाही. उलट त्याला यंत्रांची जोड मिळाली.

तिचं संशोधन एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी होतं. विजेच्या मीटरजवळ एक छोटी पेटी बसवायची. पंखा, टीव्ही, मिक्सर प्रत्येक उपकरण आपापल्या तऱ्हेने वीज खेचतं, त्यावरून घरात काय चालू आहे ते पेटीला कळायचं. नेहमीच्या वेळी काहीच हललं नाही, तर मुलाच्या किंवा मुलीच्या फोनवर सूचना जायची.

"माणसं पडून असतात आणि फोनवर 'मी मजेत' म्हणतात," ती प्रयोगशाळेत शेजारी बसणाऱ्या लांब्याला सांगायची. "वीज थापा मारत नाही."

लांब्या यंत्राचा हात बनवत होता. तो हात अजून साधा पेला धरत नव्हता, त्यामुळे लांब्या कुणाच्या मतांच्या वाटेला जात नसे. तो नुसतं "हं" म्हणायचा.

पहिली पेटी तिने आईकडे बसवली. वडील गेल्यापासून आई एकटीच राहायची. "बसव बाई, माझं काय जातंय," आई म्हणाली होती. आणि आईच्या घराचे आलेख इतके देखणे निघाले की गाईड मॅडमनी ते एका परिषदेत सगळ्यांना दाखवले.

तिथेच फौजदाराच्या मनात पाल चुकचुकली. बाकीच्या घरांत टीव्ही कधीही लागायचा, मध्येच बंद व्हायचा. कुणाला झोप लागायची, कुणाकडे पाहुणे यायचे. आईचा टीव्ही मात्र रोज दुपारी ठरल्या क्षणी लागायचा आणि ठरल्या क्षणी बंद व्हायचा. तेवढ्या वेळात स्वयंपाकघरातला दिवा नाही, पंखा नाही, काही नाही. उकाड्यात पंख्याशिवाय कोण टीव्ही बघतं?

एका दुपारी तिने प्रयोगशाळेतून फोन लावला.

"काय करतेयस?"

"काय करणार? टीव्ही बघतेय."

"मालिकेत काय झालं गं काल?"

"तीच रडारड. दुसरं काय असतं?" आईने घाईघाईने विषय आवरला. मागे चाकांची गाडी ढकलल्याचा खडखड आवाज आला. कुणीतरी बाई "जरा बाजूला" म्हणाली. टीव्हीचा आवाज मात्र कुठेच नव्हता.

मग तिचं कामात लक्ष लागेना. आईला कुणी बुवा भेटला असेल? गोड बोलून सह्या घेणारं कुणी? की सोबतीला कुणी जोडलं असेल आणि लेकीला सांगायला अवघड जात असेल? शेवटच्या शंकेची तिला लाज वाटली, पण ती शंकाच सगळ्यात जास्त वेळ डोक्यात राहिली.

दोन दिवसांनी ती दुपारीच आईकडे गेली आणि आपल्या किल्लीने दार उघडलं. रिकाम्या खोलीत टीव्ही मोठ्याने बोलत होता. त्याच्या पिनेला एक पांढरा ठोकळा लावलेला होता, वेळ लावली की आपोआप चालू-बंद करणारा. फौजदार खुर्चीत बसून राहिली. काही वेळाने ठोकळा टक् करून वाजला आणि टीव्ही गप्प झाला. आणखी थोड्या वेळाने आई आली. हातात पिशवी, पिशवीत रिकामा डबा.

लेकीला बघून आई दारातच थबकली. मग चपला काढत म्हणाली, "पकडलंस का?"

"कुठे गेली होतीस?"

"आधी पाणी पिऊ देशील?"

पाणी पिऊन झाल्यावर आईने सांगितलं. आत्याला अर्धांगाचा झटका आला होता. तिला बघायला कुणी नव्हतं, म्हणून एका शुश्रूषागृहात ठेवलं होतं. आई रोज दुपारी जाऊन तिला भरवून यायची.

फौजदाराचा चेहरा ताठ झाला. वडिलांच्या दुखण्यात ही सख्खी बहीण एकदाही फिरकली नव्हती. 'तिचं नाव या घरात काढायचं नाही,' असं लेकीनेच तेव्हा बजावलं होतं.

"म्हणून लपवलंस?"

"लपवू नको तर काय करू? मागे बाजारात गेले, घरात हालचाल नाही म्हणून तुझी पेटी बोंबलली. चार वेळा फोन केलास, शेजारणीला दार ठोकायला लावलंस. रोज कुठली थाप मारणार मी? दुकानातून हे आणलं. पेटीला पेटी."

"ती बाबांना बघायला आली नाही, आई."

"त्यांनीच नको म्हणून सांगितलं होतं तिला. त्या अवस्थेत बहिणीने बघितलेलं त्यांना नको होतं. कुणाला सांगू नको म्हणून मला शपथ घातली होती."

"हे आत्ता सांगतेस? की मी गप्प बसावं म्हणून सांगतेस?"

"ठेव विश्वास, नाहीतर नको ठेवू," आई म्हणाली आणि डबा घासायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी कपाळाला हात लावला. "ते एक घर वगळ आणि पुढे चल. हे प्रबंधात लिहिलंस, तर परीक्षक विचारतील, बाकीच्या घरांत असं नाही कशावरून?"

"मीही तेच विचारतेय, मॅडम."

ती पुन्हा घरोघर फिरली. एका आजोबांनी तिला उंबऱ्यातूनच परत पाठवलं. "आमच्यावर पाळत?" म्हणाले. दुसऱ्या घरातल्या बाई चहा देता देता हसल्या. मुलाला काळजी नको म्हणून आपण सकाळी उठून दिवे लावतो आणि परत झोपतो, असं त्यांनी कबूल केलं. प्रबंध लांबणीवर पडला. मॅडम बरेच दिवस तिच्याशी तुटक बोलत होत्या. आईच्या घरातली पेटी तिने स्वतःच उतरवली. ठोकळा आईने शेजारणीला देऊन टाकला.

एका रविवारी ती आईबरोबर शुश्रूषागृहात गेली. मनातून अजून पटलेलं नव्हतं. आत्या खाटेवर उशीला टेकून बसली होती, तोंड एका बाजूला ओढलेलं. तिने भाचीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि जड जिभेने आईला विचारलं, "ही... कशाला आलीये?"

"विचार तिलाच," आई म्हणाली.

फौजदाराने स्टूल पुढे ओढलं, आईच्या हातातली वाटी घेतली आणि चमचा आत्यापुढे धरला. आत्याने बराच वेळ तोंड उघडलं नाही. ती चमचा तसाच धरून बसून राहिली.